सायलीची चोरओटी

"डॉक्टर, आदी हात ऊन करा."

घोडीजवळ जाण्याआधी काका स्वतःचे दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे, गालाला लावून बघायचे आणि मग माझ्याकडे वळून हे म्हणायचे. भर वैशाखातल्या दुपारीसुद्धा. वसईत वैशाखात कुणाचे हात गार असतात हे मला अजून कळलेलं नाही, पण तळवे घासल्याशिवाय ते मला त्या घोडीच्या, सायलीच्या अंगाला बोट लावू देत नसत. मी जनावरांचा डॉक्टर, अर्धं आयुष्य या धंद्यात गेलेलं, आणि या माणसासमोर निमूट हात चोळत उभा राहायचो.

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर पांढऱ्या घोडीचा लगाम धरून चालणारे, डोक्याला टॉवेल, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला. नाहीतर विरार पूर्वेच्या एखाद्या वरातीत, नवरदेव वर आणि हे खाली घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत. फोटोवाला त्यांना "चाचा, जरा साइड में" म्हणायचा आणि ते हलायचे नाहीत. मी हललो तर तुमचा नवरा खाली येईल, एवढंच सांगायचे. त्यामुळे तिकडच्या कितीतरी अल्बमांमध्ये नवरदेवाच्या गुडघ्याशी तो टॉवेल कायमचा बसला आहे.

घर नंदाखालच्या अंगाला, नारळीच्या आणि केळीच्या वाडीत मागे. त्यांचे वडील विरार स्टेशन ते अर्नाळा टांगा चालवायचे. रिक्षा आल्या, टांगे गेले, भाऊ नोकरीला लागले. यांनी घोडी ठेवली. वडिलांच्या टांग्याला जाई होती, जाईची मुलगी शेवंती, शेवंतीची सायली. काकी, म्हणजे त्यांची बायको, वाडीतली फुलं विकायची, म्हणून ही नावं. काकींची जीभ मोठी तिखट. मी पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा चहा देताना म्हणाल्या, "माझ्यावर सवत आनलीय यांनी. ती पन गोरी."

सायलीला मात्र मुलगी नव्हती, आणि काकांना ती हवी होती. त्यांनी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. पण घोडीचं शरीर उजेडावर चालतं. दिवस लहान असतो तेव्हा तिचे हार्मोन झोपलेले असतात, ऊन वाढायला लागलं की जागे होतात, आणि मग पावसाळा सरेपर्यंत ती दर तीन आठवड्यांनी माजावर येते. नेमके हेच लग्नसराईचे दिवस. दर वर्षी काका म्हणायचे, एवढी सराई जाऊ दे. सराई संपली की पाऊस, पाऊस संपला की ऊन उतरलेलं. अशी वर्षं गेली आणि सायली सोळाची झाली. तेव्हा मी जरा फटकळपणे सांगितलं, की आता नाही तर कधीच नाही. ते बराच वेळ तिची आयाळ विंचरत राहिले.

दुसऱ्या दिवशी काकींचा फोन आला. औंदा एकही वरात घ्यायची नाही असं ठरलं होतं, आणि हे काकींनीच ठरवलं होतं, काकांनी नव्हे.

मग आमचे दिवस सुरू झाले. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवून मी आतून सोनोग्राफीचं यंत्र लावायचो आणि काका पडद्याला नाक लावून उभे. बीजाची पिशवी पडद्यावर काळी, गोल दिसते आणि पिकत जाते तशी मोठी होते. ती पुरती पिकली तेव्हा मनोरकडच्या एका तबेल्यातून काठेवाडी घोडा टेम्पोत घालून आणला. काकी घरात जाऊन दार लावून बसल्या. काका घोड्याशी इतक्या अदबीने बोलत होते की कुणाला वाटावं, मुलगी दाखवायचा कार्यक्रम चालू आहे.

दोनेक आठवड्यांनी मी गर्भ शोधायला गेलो. सापडला, आणि काही मिनिटांनी पाहतो तर भलतीकडेच. काका घाबरले. मी त्यांना सांगितलं, की घोडीचा गर्भ पहिल्यांदा एका जागी थांबत नाही. गर्भाशयाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतो, आणि त्या फिरण्यानेच आईच्या शरीराला कळतं की आत कुणीतरी आलंय. तो फिरला नाही तर ते शरीर पुन्हा माजाच्या तयारीला लागतं. काकांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"खोली बगतंय म्हना की. चंदनसारला भाड्याची बगतात तशी."

पुढच्या खेपेला त्याने खोली घेतली होती. ठिपक्याच्या आत बारीकशी लुकलुक दिसत होती. हेच काळीज, असं मी म्हणालो. काकांनी तोंड फिरवलं आणि सायलीची मान खाजवायला लागले. मुलगी असली तर नाव ठरलंय, पण सांगणार नाही, एवढं म्हणाले. ते नाव मला आजही माहीत नाही.

आणि तिथेच त्यांनी यंत्र बंद करायला लावलं. आता चोरओटीपर्यंत तिच्या पोटाला हात नाही. आपल्याकडे पोटुशी बाईची तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गुपचूप ओटी भरतात, बाहेर बोभाटा व्हायच्या आधी. काकांच्या घरात ती घोडीचीही भरत. त्यांच्या आईने शेवंतीची भरली होती. तोवर पोटाला बाहेरच्याचा हात नाही, विषय नाही, मोजमाप नाही. मी चिडलो. वय झालेल्या घोडीचा गर्भ टिकेलच असं नसतं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघितलं पाहिजे, असं परोपरीने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वडिलांची रीत सांगितली. कुंपणापलीकडून घोडा न्यायचा. रिकामी असेल तर ती त्याला लाडीगोडी लावेल, भरलेली असेल तर लाथ मारेल.

रीत खोटी नाही. आमच्या पुस्तकांतही ती आहे.

पावसाळा लागल्यावर त्यांनी किनाऱ्यावरच्या एका दोस्ताचा घोडा कुंपणाशी आणला. मला फोन आला तेव्हा आवाजावरून मी ओळखलंच नाही त्यांना. तिने कान पाडले, दात दाखवले आणि कुंपणाची फळी मोडली, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच केलं, पुन्हा लाथ. त्या पावसाळ्यात सायली वाडीबाहेर पडली नाही. ओल्या जमिनीवर पाय सरकेल म्हणून काकांनी गोठ्यापासून पाण्यापर्यंत रेती टाकली होती. भिजवलेले चणे ते स्वतः निवडायचे.

श्रावणात मला बोलावणं आलं. चोरओटी होती. घरची दोघं आणि मी, बस. काकींनी नवं लुगडं नेसलं होतं. सवतीसाठी ताटात तांदूळ, नारळ, हळदकुंकू आणि सोनचाफ्याची फुलं मांडली होती. काका म्हणाले, आता बगा, तुमचाबी मान राहू दे. मी हात चोळले, मोजा चढवला.

आत काहीच नव्हतं.

मी पुन्हा पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. काका पडद्याकडे बघत होते, आणि एवढ्या महिन्यांत पडदा वाचायला तेही शिकले होते, त्यामुळे मला बोलावं लागलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "मग ती लाथ का मारत होती?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते द्यायला नको वाटत होतं. घोडीच्या पिल्लाची एक रीत असते. ते महिन्याच्या वर झालं, की त्याच्या भोवतालच्या पडद्यातल्या काही पेशी आईच्या गर्भाशयात शिरतात आणि तिथे छोट्या छोट्या वाट्यांसारखं काहीतरी तयार करतात. त्या वाट्या स्वतःचं हार्मोन सोडतात. मी आहे, मला सांभाळ, असा निरोप तो. पिल्लू त्यानंतर गेलं तरी वाट्या राहतात आणि निरोप चालूच राहतो. आईचं शरीर तो पाळतं, माजावर येत नाही, घोड्याला लाथ मारतं. रक्त तपासलं असतं तर रक्तानेही पोटात आहे असंच सांगितलं असतं. वाट्या आपोआप सुकेपर्यंत कुणाला काही करता येत नाही, आणि हिच्या वाट्या सुकणार तेव्हा दिवस लहान झालेले असणार. या साली आता काही नाही.

काका ऐकत होते. ताट हातात धरून काकी दाराशी थांबल्या होत्या.

"म्हंजे तिला ठाऊकच नाय," काका म्हणाले.

"नाही."

"तिच्या अंगाला अजून वाटतंय, हाय म्हनून."

मी मान हलवली. त्यांनी टॉवेल काढून त्याची घडी घातली, तो खांद्यावर टाकला आणि काकींकडे वळले. "भर ओटी."

काकी मला वाटतं नाही म्हणणार होत्या. गेलेल्याची ओटी कुणी भरत नाही. पण त्या पुढे आल्या. सायलीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पाठीवर खण टाकला, त्यात तांदूळ आणि नारळ ठेवला, आणि घसरू नये म्हणून काकांनी तो वरून दोन्ही हातांनी धरून ठेवला. सायलीने मान वळवून एक चाफ्याचं फूल खाल्लं. मी त्या घरातून जेवूनच निघालो, कारण काकी सोडेनात, पण काय जेवलो ते आठवत नाही.

त्यानंतर ते मला पुन्हा पुन्हा एकच विचारायचे. तुम्हाला हात लावू दिला असता तर? मी खरं ते सांगायचो. वाट्या झाल्या म्हणजे तोवर पिल्लू होतं, ते गेलं त्यानंतर कधीतरी, आणि तेव्हा कळलं असतं तरी या साली पुन्हा घोडा लावता आला नसता. हे उत्तर त्यांना पुरत नसे. मला वाईट वाटायचं, चीडही यायची, की हा माणूस स्वतःला सोडत का नाही. एकदा, गणपती होऊन गेल्यावर, ते स्वतःहून म्हणाले, की रीत पाळली त्याचं काही नाही.

"आदीची सगळी सालं, डॉक्टर. लोकांची लग्नं लावत ऱ्हायलो मी."

सायलीला मात्र त्यांनी वाट्या सुकेपर्यंत कामाला लावलं नाही. तिचं शरीर बाळंतपणाच्या वाटेवर आहे ना, मग तिला ते दिवस मिळाले पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. दसऱ्याच्या मिरवणुका त्यांनी दुसऱ्याला दिल्या. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या माजालाच घोडा आणायचा, हे तेवढं पक्कं होतं.

थंडीत त्यांच्या छातीत दुखलं. इस्पितळात नेलं तेव्हा घोडीला कोण बघणार हे विचारत होते म्हणे. ते परत आले नाहीत.

फाल्गुनात काकींचा फोन आला. घोडी सारखी खिंकाळतेय, शेपटी वर धरते, दाण्याला तोंड लावत नाही. मी गेलो. मुलगा चंदनसारला राहतो, तो आईला घेऊन जाणार होता आणि आठवड्याभरात घोडी केळव्याच्या एका वरातवाल्याकडे जाणार होती. गोठ्यावरचे निम्मे पत्रे काढून ठेवले होते. मी यंत्र लावलं. पडद्यावर काळी, गोल, पुरती पिकलेली पिशवी होती. सतरा वर्षांच्या घोडीत इतकं सुरेख बीज मी क्वचित पाहिलंय. काका असते तर उद्याच घोडा.

काकींनी विचारलं, काय झालंय. मी म्हणालो, काही नाही, माजावर आहे, तब्येत चांगली आहे. मोजा काढला, पाणी मागितलं. त्या पाणी घेऊन आल्या आणि तांब्या माझ्या हातावर ओतता ओतता थांबल्या.

"घोडा बोलवायचा का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग गोठ्याच्या उघड्या छपराकडे.

"मी आपलं विचारलं हो," काकी म्हणाल्या, आणि पुन्हा पाणी ओतायला लागल्या. "कोनी तरी विचाराया पायजे ना."