आत्याची कात्री

माझी आत्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितशोधक होती. चष्मा कायम कपाळावर आणि जीभ अशी तिखट, की शिपाईसुद्धा तिच्यापुढे चहा जपून ठेवायचा.

एका सकाळी संपादक तावातावाने म्हणाले, "परदेशी प्रचार आपल्या पानांत घुसतोय. शोधून काढा!"

आत्याने त्या दिवशी आलेली सहा पत्रकं घेतली, पाठवणाऱ्यांची नावं कात्रीने कापली आणि कागद संपादकांपुढे ठेवले. "यातली परदेशी कुठली, तुम्हीच सांगा."

संपादकांनी चार कागद बाजूला काढले. "या तर शुद्ध थापा. परदेशीच!"

आत्याने कापलेल्या पट्ट्या पुन्हा जोडल्या. चारांपैकी तीन पत्रकं आपल्याच सरकारची निघाली. एक तर साहेबांनी न वाचताच पहिल्या पानासाठी पाठवलं होतं.

"साहेब, थाप आधी ओळखा. ती कुणाची, ते मागाहून बघू."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन आत्या म्हणाली, "माझी नोकरी गेली बहुतेक."

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर पत्रकांचा नवा गठ्ठा होता. सगळ्यांची नावं कापलेली होती, वेडीवाकडी. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच कात्री हातात धरली होती.