विमान उडण्याआधीची रांग

माझा धाकटा भाऊ नौदलात आहे, लढाऊ विमानं वाहून नेणाऱ्या जहाजावर. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, तो हैदराबादला येतो, अंबरपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पंधरा-वीस दिवस राहतो आणि जातो. बाकीचं वर्ष आई आणि मी त्याच्या फोनची वाट बघण्यात काढतो. जहाज खोल समुद्रात गेलं की फोन लागत नाही, हे आईला माहीत आहे. तरी मी शाळेतून आले की ती आधी माझा मोबाईल मागून घेते आणि स्वयंपाक होईपर्यंत ओट्यावर समोर ठेवते.

आम्ही मूळचे उदगीरकडचे. मी सातवीत असताना वडील गेले. तेव्हापासून आई डाळीच्या मिलमध्ये निवडायला जायची. बायकांची लांब रांग जमिनीवर बसायची आणि दिवसभर डाळीतले खडे वेचायची. संध्याकाळी घरी आल्यावर तिला सरळ उभं राहायला थोडा वेळ लागायचा. भिंतीला पाठ लावून ती म्हणायची, तुमच्या माना खाली जाऊ नयेत म्हणून मी घातली माझी. बारावी झाल्याबरोबर भाऊ नौदलात गेला. त्याच्या आधारावर मी बी.एस्सी. पुरं केलं, बी.एड. केलं आणि हैदराबादला येऊन जामबागेतल्या एका जुन्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझ्या नावावर आहे. तिच्यातला अर्धा वाटा त्याचा आहे, हे मी एक दिवसही विसरले नाही.

जहाजावरून विमान कसं उडतं ते त्यानं एकदा मला पोळपाट आणि दोन वाट्या घेऊन समजावलं होतं. जमिनीवर विमानाला धावायला लांबलचक जागा मिळते, जहाजावर तिचा तुकडाच असतो. म्हणून जहाज आधी वाऱ्याकडे तोंड करतं आणि वेगानं निघतं. त्यामुळे विमान उभं असतानाच त्याच्या पंखांना वारा मिळू लागतो. चाकांपुढे डेकमधून अडसर वर आलेले असतात. इंजिन पूर्ण जोरानं पेटतं, सगळं अंग थरथरतं, पण अडसर विमानाला जागचं हलू देत नाहीत. मग इशारा होतो, अडसर खाली बसतात आणि विमान सुटतं. डेकचं पुढचं टोक वर वळवलेलं असतं. त्या चढावरून ते आकाशात फेकलं जातं.

हे ऐकताना आई पलीकडे बसलेली. वाऱ्याचं तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, खळ्यावर उपणताना वारा बघूनच उभं राहावं लागतं, त्यात नवीन काय? तिला दुसरंच हवं होतं. ह्या सगळ्यात तू कुठं असतोस, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, "मी विमानं सोडतो, आई." ते खोटं नव्हतं. पण आईनं त्याच्यावर पुढचे मजले चढवले. शेजारच्या आंटींनी विचारलं, आपका बेटा हवाई जहाज उडाता क्या, तर आईनं शांतपणे "हौ" म्हणून टाकलं. तेव्हापासून आमच्या गल्लीत तो पायलट आहे.

खरं काय ते त्यानं फक्त मला सांगितलं. विमानं उडण्याआधी डेकवर सगळे जण खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे राहतात आणि माना खाली घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. एखादा स्क्रू, तारेचा तुकडा, खडा, जे दिसेल ते उचलायचं. इंजिन एवढ्या जोरानं हवा ओढतं की एक स्क्रू आत गेला तरी सगळं संपलं. विमान ढकलणं, बांधणं, सोडवणं ही त्याची कामं होतीच, पण रांग रोजची. "आईला नको सांगू, अक्का," तो म्हणाला होता. "तिला वाटेल, मी पण वेचायलाच बसलो."

मी दोन वर्षं नाही सांगितलं.

मागच्या रजेत तो आला तेव्हा त्याची नोकरीची मुदत संपत आली होती. परत गेल्यावर आणखी काही वर्षांसाठी सही करायची, की मोकळं होऊन घरी यायचं, हे त्याला ठरवायचं होतं. आईनं एकदा "राहा" म्हटलं असतं तर तो घरीच राहिला असता. ती म्हणत नव्हती. मुलगा विमान उडवतो, त्याला कसं अडवायचं, असं तिचं चाललं होतं. आणि मला तो घरी हवा होता. जेवायला तिसरं ताट हवं होतं. शाळेतून येताना बसस्टॉपवर कुणीतरी उभं असावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

रविवारी दुपारी आई दारातल्या उजेडात तूरडाळ घेऊन बसली होती. आता पाकिटातली डाळ स्वच्छच येते, तरी ती निवडते. भाऊ शेजारी पेपर वाचत होता. मी म्हणाले, "आई, हा तिकडं हेच करतो."

भावानं माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते. पण आता थांबून उपयोग नव्हता. रांग, माना खाली, स्क्रू, खडे, मी सगळं सांगून टाकलं. आईचे हात ताटात तसेच राहिले. आता ती म्हणेल, ह्याच्यासाठी गेलास व्हय रे, ये घरी. मी अगदी त्याचीच वाट बघत होते.

तिनं विचारलं, "अन् साहेब लोक बी वाकतेत?"

"सगळेच. पायलटसुद्धा येतात कधी कधी."

"किती अंतर ठेवतेत दोघांत?"

त्यानं खांदा तिच्या खांद्याला टेकवून दाखवलं. मग उठून तो खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत चालून दाखवू लागला. आईनं त्याला मध्येच थांबवलं. सकाळी चालत असाल तर उन्हाकडं तोंड करून चाला, ती म्हणाली. खडा दिसत नाही, त्याची सावली दिसते, आणि ती आपल्याकडं येते. तो हसला. जहाजावरचा त्यांचा जुना मुकादम असंच काहीतरी सांगतो म्हणाला. पुढचा अर्धा तास ते दोघं खड्यांबद्दलच बोलत होते, आणि मी, विज्ञानाची पदवीधर, चहा करत होते.

कपबशी हातात घेऊन आई म्हणाली, "मिलमध्ये खडा राहिला तर कुणाचा दात जायचा. तिकडं माणूस जाईल. चांगलं निवडणाऱ्याला कुणी घरी बसवून ठेवतं का? कर तू सही."

पुढच्या आठवड्यात नामपल्ली स्टेशनवर त्याला सोडायला मी एकटीच गेले. दुपारची मुंबईची गाडी लागलेली होती. त्यानं ट्रंक सीटखाली सरकवली आणि परत दाराशी येऊन उभा राहिला. मला राहवलं नाही. मी म्हणाले, माझी चूक झाली, तू थांबावंस म्हणून मी आईला सांगितलं.

"कळलं होतं मला," तो म्हणाला.

"रागावला नाहीस?"

"तू सांगितलंस ना, तेव्हा मला बरंच वाटलं, अक्का. मी पण वाट बघत होतो, आई राहा म्हणेल म्हणून."

गाडी हलली. तो दारातच उभा होता.