पूजेतून उचललेला गेम

कंग्राळीच्या नागोजी मास्तरांच्या हाताखालून निम्मं गाव पाढे शिकून गेलं, पण घरची लेक गुणा मात्र 'सात आठे किती' विचारलं की गप्प. दिव्याखाली अंधार, म्हणायला लोकांचं काय जातंय! मास्तरांच्या जिवाला मात्र ते लागायचं. सातवीला पोरगी गणितात गेली तर शाळा सुटणार आणि तिच्या हातात खुरपं येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून रोज संध्याकाळी ते तिला समोर बसवायचे, छडी मांडीवर घेऊन. छडी दिसली की पोरीला येत होतं तेही पळून जायचं.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात तिचा मामा गुंडू मस्कतहून आला आणि भाचीला तळहाताएवढा व्हिडिओ गेम देऊन गेला. वरून फळं पडायची, खालच्या माणसानं ती बुट्टीत झेलायची. तीन निसटली की खेळ संपला. गुणा त्याला चिकटली ती चिकटलीच. त्या टिकटिकीनं मास्तरांचं डोकं उठायचं.

"खेळू द्या की वो. लेकरू हसतंय तरी," तिची आई राजाबाई म्हणायची.

"हसून पास हुतंय व्हय कोण?"

खंडेनवमीला मास्तरांनी पाटावर विळा, कुऱ्हाड, पुस्तकं, लाल पेन मांडलं. छडीलाही हळदकुंकू लावलं. शिकवण्याचं हत्यारच ते! गुणानं हळूच आपला गेम छडीशेजारी ठेवला.

"ह्यो कशाला हितं?"

"ह्यानं मला हिसाब येतोय, आप्पा."

आता इथं शहाण्या माणसानं विचारावं, कसा येतोय गं, दाखव बघू. एवढंच. पण मास्तरांना वाटलं, पोरगी देवापुढं थापा मारतेय. मांडलेल्या पूजेला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. मास्तरांनी लावला. गेम उचलून कपाटात घातला आणि कुलूप ठोकलं. राजाबाई कळवळली, पण मास्तरांपुढं बोलणार कोण?

पुढच्या मार्चात गुणा गणितात नापास झाली.

उन्हाळ्यात भिंतींना चुना द्यायचा म्हणून मास्तरांनी धान्याची कणगी सरकवली, तर मागं कोळशानं लिहिलेले आकडे. रोजच्या खेळाचे गुण. कालच्यापेक्षा किती वाढले, दोनशे व्हायला किती कमी पडले. खाली आठ दिवसांची बेरीज आणि भागून काढलेली सरासरी. एकदा चुकलेली, खोडून पुन्हा केलेली, बरोबर आलेली. ही सरासरी शिकवताना मास्तरांनी दोन छड्या मोडल्या होत्या. आपण आपल्याच लेकराचं वाटोळं केलं, हे त्यांना उमगलं आणि रडूच कोसळलं.

कुलूप काढलं. आतले सेल फुटून तारा हिरव्या पडल्या होत्या, गेम काही चालू होईना. तो तसाच हातात धरून ते अंगणात आले. गुणा शेताकडं निघाली होती.

"गुणा, माझं चुकलं गं. मामाला लिवून दुसरा मागवतो. पुन्यांदा परीक्षेला बस."

"नको, आप्पा."

"का गं? परीक्षेचं भ्या वाटतंय व्हय?"

"परीक्षेचं न्हाय," ती खाली बघत म्हणाली. "गेमात चुकलं तरी मारत न्हवतं कोण. मला तुमचं भ्या वाटतंय."

आणि खुरपं घेऊन ती आईच्या मागोमाग शेताकडं गेली.