बारानंतरची भूक

"एकाहत्तर!" सर ओरडले. मॉनिटरने वहीत लिहिलं. वर्ग हसला. मी अजून वजनकाट्यावरच उभी.

परळची शाळा. नववीचा वर्ग. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पी.टी.चे सर सगळ्यांसमोर वजन करायचे. माझ्या आधी एक मुलगा त्र्याहत्तर भरला होता. त्याच्या पाठीवर थाप पडली. "कबड्डीला ये." मला म्हणाले, "तुमच्यात खाण्यावर ताबाच नसतो."

तुमच्यात. सर आमच्या चाळीत कधी आले नव्हते. घरी जेवले नव्हते. हजेरीतलं आडनाव तेवढं त्यांनी वाचलं होतं.

घरी आईला सांगितलं. वाटलं, ती चिडेल, शाळेत जाऊन भांडेल. ती म्हणाली, "सर काय उगाच बोलतील?" सरांपेक्षा हे जास्त लागलं.

आई दर पौर्णिमेला अष्टशील पाळायची. दुपारी बारानंतर जेवण नाही. मला तिने ते रोजचंच लावलं. बुद्धाच्या फोटोसमोर बसवून कबूल करून घेतलं. साडेअकराला शाळेतला डबा, त्यानंतर फक्त पाणी.

संध्याकाळी ती टॉवरमध्ये साफसफाईला गेली की मी पातेल्यातला गार भात उभ्या उभ्या गिळायची. पोट फुगायचं, भूक हटायची नाही. मी शील मोडते, मी घाणेरडी आहे, असं मला खरंच वाटायचं. तीन महिन्यांत चार किलो वाढले. मग एक दिवस चाळीच्या जिन्यात चक्कर येऊन पडले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी दार लावून वजन केलं. आकडा मला हळूच सांगितला. सगळं विचारून झाल्यावर आईला म्हणाल्या, "अंगातली चरबी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते. ते मेंदूला सांगतं, आता पुरे. वजन वाढलं की ते भरपूर असतं, पण मेंदू त्याचं नीट ऐकत नाही. जठरातून घ्रेलिन निघतं, ते भूक लावतं. उपाशी ठेवलं, झोप मोडली, की ते वाढतं. मुलगा असो की मुलगी. हा हावरटपणा नाही, ताई. हिला वेळेवर जेवू द्या."

आई रडली. मला रडू आलं नाही, संताप आला. तीन महिने मी स्वतःच्या भुकेची माफी मागत होते.

पुढच्या महिन्यात माझं नाव पुकारलं. मी बाकावरून हलले नाही.

"सर, मी काट्यावर येणार नाही."

"का? लाज वाटते?"

"नाही. माझं वजन डॉक्टर करतात, दार लावून. आणि तुमच्यात म्हणजे कोणात, ते आधी वर्गाला सांगा."

सरांनी मॉनिटरच्या वहीत बघितलं आणि पुढचं नाव घेतलं. पुढची मुलगी मुकाट काट्यावर चढली.

त्याला आता वीस वर्षं झाली. मी बारीक झाले नाही. तपासण्या, गोळ्या, चालणं, अजून सगळं सुरू आहे. भूकही आहे. तिची मी आता माफी मागत नाही.

काल माझ्या भाचीने डबा तसाच परत आणला. ती त्याच शाळेत नववीत आहे. म्हणाली, "मावशी, शनिवारी वजन आहे ना."

मी डबा उघडला. तिला समोर बसवून जेवायला लावलं. शनिवारी मी तिच्याबरोबर वर्गात जाणार आहे. कुणी आकडा ओरडायला तोंड उघडलं, की वजनाची वही मी काढून घेणार.