डेंबॉफ्स्कींचा अनुस्वार

माझ्या आडनावात 'ब'च्या आधी एक अनुस्वार आहे. मराठीत लिहिताना त्याने कधी त्रास दिला नाही. इंग्रजीत मात्र वडिलांच्या कागदपत्रांवर त्याचा एम झाला आणि माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर एन. पासपोर्टच्या वेळी आम्ही दोघं तहसील कचेरीत गेलो आणि ही दोन्ही आडनावं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करून आलो. वडील चौथीपर्यंत शिकलेले, पिठाच्या गिरणीवर कामाला. एसटी स्टँडकडे येताना ते म्हणाले, "एका टिंबापायी माझं अख्खं दळण राहिलं बघ."

तेच टिंब मला पुढे अमेरिकेत, एका म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात पुन्हा भेटेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी एमएस करताना मी आणि एक नागपूरचा मित्र या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. बाईंचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याविषयी बोलताना आम्ही आपसात 'आजी' म्हणायचो. हा कोणता शब्द, असं त्यांनी एकदा विचारलं. अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग पाठीमागे कशाला? तोंडावर म्हणा." तेव्हापासून त्या आजीच झाल्या. बर्फ पडलं की आम्ही त्यांच्या दारापुढचं साफ करायचो, आणि रविवारी त्या आम्हाला पिएरोगी खायला घालायच्या. बटाटा आणि चीज भरून उकडलेला तो पदार्थ पहिल्यांदा पाहून मित्र म्हणाला होता, "अबे, ही तं न तळलेली करंजी आहे!"

आजींचे यजमान त्या वर्षी वसंतात गेले. आडनाव पोलिश. ते स्वतः लिहायचे डी, ई, बी, आणि पुढे 'ओव्स्की'. सगळं गाव त्याचा उच्चार 'डिबाउस्की' असा करायचं. त्यांचा एकच भाऊ, धाकटा, मिशिगनमध्ये. तो हेच आडनाव मध्ये एक एम घालून लिहायचा. तरुणपणी तो मोटारीच्या कारखान्यात कामाला गेला आणि तिथे त्याने तो एम घातला. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं जवळजवळ बंद. थोरला म्हणायचा, "याने बापाचं नाव बदललं." धाकटा म्हणायचा, "आई जसं म्हणायची तसं मी लिहितो. तूच बापाचं नाव खाल्लंस."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दगड घडवणाऱ्याचा आजींना फोन आला. कबरीवरच्या दगडाचा मजकूर महिनाअखेरपर्यंत हवा होता, कारण जमीन गोठली की पाया घालता येत नाही. आजींनी फोन ठेवला आणि कणीक भिजवायला लागल्या. बराच वेळ मळून झाल्यावर म्हणाल्या, "आता काय लिहू? एम घातलास तर मी उठून बसेन, असं हा मला बजावून गेलाय. आणि तिकडे धाकटा म्हणतो, चुकीच्या नावापुढे मी येऊन उभा राहणार नाही. तो आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. या वेळी आला नाही, तर पुन्हा कधी येणार?"

मदत करण्याच्या हौसेने मी लगेच पुढे झालो. घरातला पहिला ग्रॅज्युएट म्हणून मला तेव्हा वाटायचं की कोणताही प्रश्न नीट अभ्यास केला की सुटतो. दोन दिवस लायब्ररीत बसलो आणि रविवारी टेबलावर जाहीर केलं, "आजी, पोलिश आडनावातलं 'स्की' म्हणजे आमचं 'कर'. गावावरून आलेलं. तुमचं गाव सापडलं की स्पेलिंगही सापडेल."

आजींना 'कर'चं फार कौतुक वाटलं. मी माझ्या आडनावाची फोड करून दाखवली. त्या आडनावात ज्या झाडाचं नाव आहे ते कसं दिसतं, त्याची पानं कडू असतात, हेही सांगितलं. "मग आमच्या गावात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"ओकची झाडं."

मित्राने काटा खाली ठेवला. "म्हणजे हे तं आपले ओक निघाले! काहून रे, आधी सांगायचं नाही का? पुण्याकडचेच असतील."

हा विनोद आजींना समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. ओक हे आमच्याकडेही आडनाव आहे, पण त्याचा त्या झाडाशी काही संबंध नाही, हे ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. यजमान गेल्यापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

गाव मात्र सापडेना. पोलंडच्या इंग्रजी नकाशात डेंबोवो, डेंबोवा, डेंबुफ अशी ओकच्या नावाची गावं इकडेतिकडे पसरलेली निघाली. आपल्याकडे वडगाव शोधायला निघावं तसं झालं. मग मी ती वाट सोडली आणि उलट बाजूने लागलो. ही माणसं गेली कुठे? आजींच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि इंटरनेटवर जिथे जिथे हे आडनाव दिसेल तिथे टाचणी टोचायला सुरुवात केली. एम नसलेल्यांना निळी, एमवाल्यांना लाल. पेनसिल्व्हेनियाच्या पूर्वेकडे कोळशाच्या खाणींचा पट्टा, तिथे दोन्ही रंग. मिशिगन, शिकागो, बफेलो, विस्कॉन्सिन. जर्मनीत पश्चिमेला खाणींच्या भागात. फ्रान्सच्या उत्तरेलाही खाणीच. ब्राझीलच्या दक्षिणेला काही शेतकरी. आजी पिठाच्या हातांनी नकाशापुढे उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "ओकच्या रानातून निघाले आणि जमिनीखाली जाऊन बसले."

नकाशा छान दिसत होता, पण त्यातून उत्तर येत नव्हतं. निळ्या आणि लाल टाचण्या शेजारी शेजारीच होत्या.

महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी मित्राने आपल्या जुन्या गाडीत आम्हाला खाणीच्या पट्ट्यातल्या, यजमानांच्या जन्मगावी नेलं. दोन तास लागले. टेकडीवर चर्चचं कब्रस्तान, खाली बंद पडलेल्या खाणीच्या मातीचा काळा डोंगर. यजमानांच्या जागी नुसती एक छोटी पत्र्याची पाटी होती. सासऱ्यांच्या कबरीवर लाकडी क्रूस होता, तो कधीच कुजून गेलेला. सासूबाईंचा दगड तेवढा उभा होता. सगळा मजकूर पोलिशमध्ये.

मी गुडघ्यावर बसून अक्षरं पाहिली. मध्ये एम नव्हता. मी मनात म्हटलं, थोरला भाऊ जिंकला. पण ई या अक्षराला खाली उजवीकडे वळलेली एक चीर होती, टवका उडाल्यासारखी. आणि शेवटी आय नव्हता, ए होता. 'स्की' नाही, 'स्का'.

"आजी," मी म्हणालो, "कोरणाऱ्याने दोन चुका केल्यात. ई-वर छिन्नी घसरलीय, आणि शेवटचं अक्षरच बदललंय."

मी हे अगदी सहज बोललो. आमच्याकडे 'कर' तो 'कर'. नवराही कर आणि बायकोही कर. हातमोजा काढून आजींनी त्या चिरेवर अंगठा फिरवला. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "साठ वर्षं मी या दगडाला फुलं वाहतेय. ती बिचारी एवढी वर्षं चुकीच्या नावाखाली झोपलीय, आणि आम्हाला कोणालाच कळलं नाही." परत येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मित्राने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

सोमवारी लॅबमध्ये माझा उतरलेला चेहरा पाहून शेजारच्या टेबलावरच्या मुलीने कारण विचारलं. ती वॉर्सातून पीएचडीला आलेली. ती पोलिश आहे हे मला ठाऊक असूनही तिला विचारावं हे मला सुचलंच नव्हतं. मी फोनवर काढलेला दगडाचा फोटो दाखवला. ती मोठ्याने हसली.

"चूक कुठे आहे? बाई आहे ना ती? मग 'स्का'च. पुरुष असता तर 'स्की'."

"आणि हा टवका?"

"टवका नाही तो. अक्षर आहे आमचं. शेपटीवालं ई." आणि तिने ते आडनाव वाचलं, "डेंबॉफ्स्का."

मी म्हटलं, "पण यात एम कुठे आहे? तू एम म्हणालीस."

"शेपटीत आहे. पुढे बी किंवा पी आलं की ती शेपटी 'म' वाजते. डी, टी आलं की 'न' वाजते. लहान मुलांनाही कळतं ते."

मला एकदम आमच्या शाळेचा पत्र्याचा वर्ग दिसला. पाचवीला मराठी शिकवणाऱ्या बाई फळ्यावर 'आंबा' आणि 'अंत' असे शब्द लिहून टिंबाभोवती खडूने गोल काढायच्या आणि म्हणायच्या, "हा दोन्हीकडे एकच आहे रे. पण शेजारी जसा भेटेल तसं बोलतो. 'ब'शेजारी ओठ मिटतो, 'त'शेजारी जीभ लावतो." आमच्याकडून त्या ओठ मिटवून घ्यायच्या, सगळा वर्ग एकदम. त्या बाईंनी मला किती ठिकाणी पोहोचवलं याची त्यांना कल्पना नसेल. मी लॅबमध्ये उभा राहून दोनदा ओठ मिटून पाहिले आणि दप्तर न घेताच बसस्टॉपकडे पळालो.

आजी बागेतली पानं गोळा करत होत्या. मी तिथेच कागदावर ई काढला, त्याला शेपटी काढली. माझं आडनाव मराठीत लिहिलं, वर टिंब दिलं. "आजी, दगड बरोबर आहे. दोन्ही अक्षरं बरोबर आहेत. चुकलो मी." मग सगळं सांगितलं. अमेरिकेत येऊन ही शेपटी गळाली. तुमच्या सासऱ्यांचं नाव लिहून घेणाऱ्या खाणीतल्या कारकुनाकडे ते अक्षरच नव्हतं. तुमच्या यजमानांनी अक्षराचा आकार जपला, म्हणून एम घातला नाही. धाकट्याने आईचा आवाज जपला, म्हणून घातला. शेपटी लावली की दोघांचंही खरं.

मित्र जिन्यात उभा राहून ऐकत होता. "अन् तुला 'स्का' कळलं नाही? घरी पाटलीणबाई, जोशीणबाई म्हणतो ना आपण? काय बे तू पण!"

आजींनी दाताळं झाडाला टेकवलं. आत गेल्या आणि मिशिगनला फोन लावला. स्पीकर चालू केला, बहुधा आम्हाला साक्षीला ठेवायचं होतं. त्यांनी दिराला सगळं सांगितलं.

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. "म्हणजे तो गाढवही बरोबर होता?"

"अर्धा," आजी म्हणाल्या. "तूही अर्धाच."

"आईच्या दगडावरचा तो ओरखडा मी मारला असं तो मला आयुष्यभर म्हणायचा. लहानपणी मी तिथे चाकू घेऊन खेळायचो म्हणे."

"तू नाही मारलास," आजी म्हणाल्या आणि ओट्याला टेकून रडल्या. पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

दगडवाला म्हणाला की असं अक्षर त्याच्या मशीनमध्ये नाही, चित्र काढून द्या. आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसा सासूबाईंच्या ई-वर पातळ कागद धरून मी पेन्सिल घासली. मित्राने वाऱ्यात कागद धरून ठेवला. शेपटी हळूहळू कागदावर उमटली. महिना संपायला चार दिवस असताना तो कागद दगडवाल्याच्या हातात पडला.

घरी आल्यावर आजींनी नकाशावरच्या सगळ्या टाचण्या काढल्या आणि एकाच रंगाच्या पुन्हा टोचल्या. निळ्या पुरल्या नाहीत, म्हणून शेवटच्या काही पांढऱ्या आल्या.

नोव्हेंबरात दगड बसला. दीर मुलीबरोबर मिशिगनहून गाडीने आले. उंच, वाकलेले, हातात काठी. कोणाशी न बोलता ते थेट भावाच्या दगडापाशी गेले आणि नवीन कोरलेल्या शेपटीत त्यांनी बोटाचं टोक बसवलं. मग दोन पावलं सरकून आईच्या दगडावरच्या शेपटीत. पुन्हा भावाच्या. आम्ही सगळे मागे उभे होतो. थंडी इतकी होती की आजींनी माझ्या जॅकेटच्या खिशात आपला हात घातला होता.

बऱ्याच वेळाने ते वळले. "हे शोधणारा मुलगा कोण?"

आजींनी मला पुढे ढकललं.

"तुझ्या भाषेत लिही आमचं नाव," ते म्हणाले.

मी दगडवाल्याच्या पावतीच्या पाठीमागे लिहिलं, डेंबॉफ्स्की. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. पहिल्या अक्षरावरच्या टिंबावर बोट ठेवलं.

"तुमच्याकडे शेपटी वर गेलीय," ते म्हणाले.

"वर असो, खाली असो," आजी म्हणाल्या, "आता घरी चला. पिएरोगी उकडायच्यात."