पांढऱ्या शेपटीच्या उंदरांचं मूळ गाव

"सुजाता, हिंगोलीचा डबा बाद कर," आमच्या लॅबचे प्रमुख राघवन सर म्हणाले.

मी हातमोजे घालून बेंचपाशी उभी होते. डबा म्हणजे आमच्या फ्रीजरमधला प्लॅस्टिकचा डबा. त्यात करंगळीच्या पेराएवढ्या ट्यूब असतात आणि प्रत्येक ट्यूबमध्ये एका रानउंदराच्या कानाचा मोहरीएवढा तुकडा. त्यासाठी उंदीर मारावा लागत नाही. पत्र्याच्या पेटीत तो जिवंत सापडतो, कानाच्या कडेचा तेवढासा भाग घ्यायचा आणि होता तिथेच सोडून द्यायचा. वनविभागाची रीतसर परवानगी असते.

आमचा हा उंदीर घरात शिरणारा नव्हे. झाडीच्या, खडकाळ डोंगरात राहतो, अर्धी शेपटी पांढरी असते. उघड्या माळावर तो टिकत नाही. म्हणूनच आम्ही तो निवडला होता. जंगल जिथे टिकलं तिथे तो टिकला, असा हिशेब.

बर्फयुग म्हटलं की लोकांना बर्फाचे डोंगर दिसतात. मराठवाड्यात बर्फ नव्हता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगात थंडी अगदी टोकाला गेली होती, तेव्हा आपल्याकडे पावसाळा कमजोर पडला. झाडी आकसली, गवताळ माळ पसरले. झाडीतले छोटे प्राणी जिथे थोडी ओल होती तिथे जीव धरून राहिले. पुढे पाऊस परतला, झाडी वाढली, तसे तेही पसरले. या सगळ्याच्या खुणा आजच्या उंदराच्या डीएनएमध्ये सापडतात. जुन्या आसऱ्याच्या जागी डीएनएचे पुष्कळ वाण असतात. नंतर वस्ती झालेल्या जागी थोडेच, कारण तिथवर मोजकेच उंदीर पोचलेले असतात.

आता डब्याची गोष्ट. बाकीच्या डोंगरांवर आम्हाला एकेक, दोनदोन वाण मिळाले. हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरकडच्या एका डोंगरावर मात्र त्या सगळ्या डोंगरांवरचे वाण एकत्र निघाले. वर आणखी काही, जे दुसरीकडे कुठेच नव्हते.

"हे उंदीर नाहीत, खिचडी आहे," राघवन सर म्हणाले. ते इंग्रजीत बोलतात, मी मराठीत सांगतेय. "तुझ्या ट्यूब मिसळल्यात."

"मग जे वाण कुठेच नाहीत ते कुठून आले, सर?"

"रीडिंग चुकलं की नवे वाण दिसतात. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. तेच तर अवघड होतं. त्या सगळ्या ट्यूब मी एकटीने भरल्या होत्या, लेबलंही माझ्याच हातची. प्रोजेक्टमधली माझी मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती.

सर म्हणाले, "हिंगोली तुझा जिल्हा आहे ना? आपल्या गावचं काही वेगळं निघावं असं कोणालाही वाटतं."

माझं माहेर कळमनुरीचं. ते वाक्य मला फार लागलं. ओरडले असते तर बरं, असं झालं. मी एवढंच म्हणाले, "मला पुन्हा एकदा जाऊ द्या."

त्यांनी अटी घातल्या. नव्या ट्यूब. डोंगरावरच सील करायच्या. वर गावाचं नाव नाही, फक्त कोड. थेट दुसऱ्या लॅबला पाठवायच्या, तिथल्या तपासणीला मी हातही लावायचा नाही. पुन्हा तोच निकाल आला नाही तर डबा बाद, आणि आमच्या संशोधनाच्या पेपरमध्ये कारणही लिहायचं.

एप्रिलमध्ये मी शिरड शहापूरला खोली घेतली. आधी हिवाळ्यात जिथे पेट्या लावल्या होत्या त्याच जागी, नाल्याच्या काठाने, लावल्या. आत भाकरीचा तुकडा आणि शेंगदाण्याचा कूट. सकाळी सगळ्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कूट मुंग्यांनी नेलेला. नाला ठणठणीत कोरडा. बरोबरचा फॉरेस्ट गार्ड भला माणूस, पण सारखा घड्याळ बघत होता.

चौथ्या सकाळी मी पेट्या गोळा करत होते, तेव्हा वरून शेळ्यामेंढ्यांचा कळप उतरला. मागे काठी घेतलेली एक म्हातारी. गयाबाई. लग्न होऊन आल्यापासून याच डोंगरावर त्या जनावरं चारतात.

"काय धरून राहिली माय?"

"उंदीर, मावशी. पांढऱ्या शेपटीचे."

"अन् इथं काहून पेट्या लावून राहिली? उन्हाळ्यात ते इथं न्हाई ऱ्हात."

"मग कुठं असतात?"

"पाण्यापाशी. चल, दावते."

माझ्या नकाशात त्या डोंगरावर उन्हाळ्यात पाणी नव्हतंच. मी गार्डकडे पाहिलं, त्यालाही ठाऊक नव्हतं. गयाबाई कळप सांभाळत पुढे निघाल्या. अर्ध्या तासाने डोंगराच्या मागच्या अंगाला एक अरुंद घळ लागली. वरून ती दिसतसुद्धा नाही. आत उतरलो आणि एकदम गार वाटलं. उंबराची झाडं, दगडांवर शेवाळ, आणि कपारीतून बोटभर धारेने पाणी झिरपत होतं. ऐन एप्रिलात.

"हे कधी आटतं, मावशी?"

"न्हाई आटत. बहात्तरच्या दुष्काळात समदं आटलं, हे न्हाई आटलं. माझी सासू सांगायची, तवा आजूबाजूचे समदे कळप इथंच पाण्याला यायचे."

मी लगेच पेट्या मांडायला लागले. त्यांनी मला थांबवलं आणि खडकाच्या फटीपुढचा कचरा काठीने उकरला. आत बोराच्या फोडलेल्या आठळ्या. काही काळ्या पडलेल्या, काही आतून पांढऱ्या.

"काळ्या जुन्या. हे पांढरं हाय, ते ताजं खाल्लेलं. ज्या फटीत पांढरं, तिथं पेटी ठिव. बाकी ठिकानी उगं तकलीफ."

माझ्या ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी फटी दाखवल्या, मी पेट्या ठेवल्या. दुसऱ्या सकाळी घळीत उतरले तर जवळजवळ सगळ्या पेट्यांची दारं पडलेली, आत उंदीर. मी एकेका उंदराच्या कानाचा तुकडा घेत होते ते गयाबाई शेजारी बसून बघत होत्या.

"दुखतं का त्याला?"

"टोचल्यासारखं. लेकराचे कान टोचतो तसं."

"मंग ठीक."

सुटलेला उंदीर नेमका कुठल्या फटीत शिरला ते त्या सांगायच्या. मी वहीत लिहायची. पाच दिवस असंच चाललं. शेवटच्या दिवशी मी धारेखालच्या दगडावर हात टेकला, तर हाताला पांढरा चुन्यासारखा थर लागला. जाड, पापुद्र्यांवर पापुद्रे.

"हे काय?"

"पानीच बसवतं. लई वर्साचं हाय. तिकडं खाली बघ, माणसाएवढं झालंय."

ट्यूब सील करून गार्डच्या समोर कुरियर केल्या. मग महिनाभर वाट. त्या दिवसांत मी सरांना एकही मेल केला नाही. काय लिहिणार?

एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर कोड आणि पुढे वाण. कोड त्यांनी माझ्यासमोर उघडले. तीच खिचडी. सगळ्या डोंगरांचे वाण, शिवाय कुठेच नसलेले. तेही तेच.

सरांनी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा ताडून पाहिली. मग म्हणाले, "ट्यूब मिसळल्या नव्हत्या. बाकीचे डोंगरच या डोंगरातून भरले गेले." आणि लगेच, "मी तुझ्या जिल्ह्याबद्दल बोललो ते बोलायला नको होतं."

"ठीक आहे सर."

"पण हाच डोंगर का?"

मी घळीतल्या पाण्याचं सांगितलं. बहात्तरचंही सांगितलं.

"पन्नास वर्षं म्हणजे वीस हजार वर्षं नव्हेत."

"माहीत आहे. म्हणून हे आणलंय." मी पांढऱ्या थराचा तुकडा टेबलावर ठेवला.

सरांनी तो भूविज्ञानाच्या एका प्राध्यापकबाईंना दाखवला. झऱ्याच्या पाण्यातला चुना असा साचत जातो आणि त्या थरांचं वय काढता येतं. पावसाळ्यानंतर आम्ही तिघं डोंगरावर गेलो. गयाबाईंनी माणसाएवढा थर दाखवला. त्यांना सरांची इंग्रजी कळेना, सरांना त्यांची मराठी. मग दोघं हिंदीत बोलले, ज्याला जशी येते तशी. "साब, ये पानी बराबर चलताच रहता," असं त्यांनी ठामपणे सांगितलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढे वयाचा रिपोर्ट आला. ऐन कोरड्या काळातही तिथे थर बसत होते. बर्फयुगात जेव्हा सगळीकडची झाडी वाळत होती, तेव्हा ती बोटभर धार चालू होती आणि तेवढ्यावर त्या घळीतली झाडी आणि आमचे उंदीर तगले होते. एका डोंगराचा पुरावा आहे, अजून पुष्कळ तपासायचं आहे, असं आम्ही पेपरमध्ये साफ लिहिलं. कामात साहाय्य केलेल्यांच्या यादीत गयाबाईंचं नाव सरांनी स्वतः टाकलं, पहिलं.

मी छापील पान घेऊन त्यांना भेटायला गेले. काय निघालं ते सांगितलं.

"म्हंजी चौफेरच्या उंदरांचं मूळ गाव हेच?"

"व्हय मावशी."

"मंग त्या दुष्काळात हे कुठं गेलेच न्हाईत." त्यांनी घळीकडे पाहिलं. "शाने हायेत."

माझी मुदत त्या निकालानंतरच वाढली होती. आता नवीन मुलं सर्व्हेला निघतात तेव्हा विचारतात, पहिल्या दिवशी किती पेट्या लावायच्या? मी सांगते, एकही नाही. त्या डोंगरावर जनावरं कोण चारतं ते शोधा आणि त्यांच्याबरोबर दिवसभर फिरा. रजिस्टरमध्ये तो दिवस फील्डवर्क म्हणून लावा.