गोल्फच्या मैदानावरचं गाऱ्हाणं

गोल्फच्या मैदानावर देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे तात्या. जन्म मालवणचा, नोकरी बोटीवर इंजिनियरची, आणि गोल्फ शिकले ते बोट ज्या बंदराला लागेल तिथे. निवृत्तीनंतर आम्हा सात हौशी खेळाडूंना गोळा करून दर हिवाळ्यात ते स्पर्धेच्या सहलीला न्यायचे. मी कुडाळची दातांची डॉक्टर, बाकीचे मुंबई-पुण्याचे. खेळात सगळेच यथातथा.

पहिला फटका मारण्याआधी तात्या टोपी काढायचे, हात जोडायचे. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज हय खेळूक इली आसत. कोणाचो चेंडू झाडीत गेलो तर गावांदे. जो कोण हरात तेका जेवान गोड लागांदे रे म्हाराजा." मग एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं. प्रत्येक मागण्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सर्वात मोठ्याने तात्याच म्हणायचे, देवाच्या वतीनेही हमी दिल्यासारखे.

स्कॉटलंडच्या एका नामांकित मैदानावर तिथल्या माणसाने विचारलं, हे काय चाललंय? तात्यांनी इंग्रजीत शांतपणे सांगितलं, "मालकाची परवानगी घेतोय." तो बिचारा क्लबच्या ऑफिसकडे बघायला लागला. आम्ही हसलो, तर तात्या आमच्यावर वैतागले. "दुसऱ्याच्या जाग्यार इलाव, इचारूक नको?"

एक वर्ष असं गाजलेलं मैदान, तर पुढचं वर्ष कुणी नावही न ऐकलेलं, हा त्यांचा नेम. हिरवळीऐवजी तेल घालून दाबलेल्या वाळूत चेंडूचं भोक असलेल्या मैदानांवर आम्ही खेळलो, फटका मारण्याआधी म्हशी हाकलल्या. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "नावाजलेल्या जाग्यार फोटो गावतत. खेळ हय गावता."

गेल्या हिवाळ्यात पाळी बिननावाच्या मैदानाची होती. फोंडाघाटात चहा घेऊन आम्ही वर चढलो, घाटापलीकडच्या एका जुन्या लष्करी छावणीतल्या मैदानावर गेलो. तात्यांची पँट पट्ट्याने कशीबशी थांबली होती. डॉक्टरांनी त्यांच्या आजारापुढे हात टेकल्याचं त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं होतं. तात्यांनी मात्र तो विषय कुणालाच काढू दिला नाही.

सकाळी त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आम्हा सातही जणांसाठी मागून झालं आणि त्यांनी टोपी घातली.

"तात्या, तुमचं नाव राहिलं," कुणीतरी म्हणालं.

"माझा काय ता मागून झाला."

मला राहवलं नाही. माझी मालवणी दवाखान्यापुरतीच, पण मीच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आमच्या तात्यांक फुडच्या वर्साक असोच आमच्यासोबत उभो कर रे म्हाराजा."

सहाजण "व्हय म्हाराजा" म्हणाले. तात्या चेंडू रुमालाने पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "देवाक असा अडचणीत घालूचा नाय गो, बाय."

आणि त्यांनी फटका मारला. बरा बसला. दिवसभर ते मजेत खेळले, हरले आणि रात्री दोन घास जास्त जेवले.

पावसाळ्यात तात्या गेले. त्यांचं ते म्हणणं मी एरवी पाळते, देवाकडे उगाच भलतं काही मागत नाही. पण त्या सकाळचं आठवलं की अजून राग येतो. घालायला हवं होतं त्याला अडचणीत. आम्ही सातजण होतो, चांगलं गळा फाडून ओरडायला हवं होतं.